साडूचं बर्फ

घोड आणि भीमा ह्या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माझ्या साडूएवढं डोकं उठवणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही, आणि आता येईल असंही मला वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयानं माझ्याहून मोठा. तोंडावर मी त्याला पाव्हणं म्हणतो, अहो-जाहो करतो, पण इथं लिहिताना अरेतुरेच करणार. राग आलेल्या माणसानं कागदावर तरी मान कशाला राखायचा? बायको असताना आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कांदा निवडणं. कांदाचाळीच्या तोंडाशी गोणपाट टाकून बसलो होतो. ती सडके कांदे बाजूला काढत होती, मी कोंब फुटलेले वेगळे करत होतो आणि साडू काहीच करत नव्हता. त्यानं एक चांगला घट्ट कांदा हातात धरला होता, त्याच्या शेंड्याकडचं साल तेवढं ठेवून बाकीचं सोलून काढलं होतं, आणि ‘ही पृथ्वी, आन् हे वर ऱ्हायलंय ते बर्फ’ असं चाललं होतं. मी म्हणालो, “पाव्हणं, सोललेला कांदा टिकत न्हाई. ठिवा खाली.” तो म्हणाला, “पृथ्वीबी टिकत न्हाई.” बायको हसली. मग मी मेंढरांना पाणी दाखवायला ओढ्याला गेलो. परत आलो तोवर साडू शेवटच्या एसटीनं केडगावला निघून गेला होता, आणि सोललेल्या कांद्याची पृथ्वी गोणपाटावर तशीच पडली होती. बायकोनं ती रात्री पिठल्यात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही.

त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही. साडूबद्दल लिहायला बसलोय, तेच लिहितो.

हे बर्फ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते आधी सांगितलं पाहिजे. आमच्या दोघांचेही बाप मेंढरांमागं हिंडलेले. मी मेंढरं कमी करून शेतीला लागलो आणि साडू पार हिमालयात जाऊन रस्ते बांधायच्या कामावर लागला. डोझर चालवायचा. घाटात साठलेलं बर्फ लोटायचं आणि रस्ता मोकळा करायचा, एवढंच काम. पण तिथल्या कुणा इंजिनेरानं त्याला एक दिवस उघडा पडलेला खडक दाखवला. खडकावर लांबच लांब ओरखडे, सगळे एका दिशेनं, वाघानं नखं ओढल्यासारखे. इंजिनेर म्हणाला, हे बर्फाचं काम. बर्फ डोंगराएवढं साठलं की आपल्याच वजनानं सरकतं, आणि सरकताना पोटाखाली धोंडे धरून जमीन खरवडत जातं. एके काळी अर्ध्या जगावर असं बर्फ बसलं होतं. झालं. त्या दिवसापासून आमचा साडू कामातून गेला. पेन्शनीत निघताना लोक तिकडून शाली आणतात, अक्रोड आणतात. ह्यानं ट्रंकेतून ओरखड्यांचा दगड आणला. ट्रंक एवढी जड का, म्हणून अक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हौसेनं उघडली. आता ती त्या दगडानं लसूण ठेचते. साडूनं पहिले दोन दिवस अबोला धरला, मग म्हणाला, “ठेच. बर्फानंबी त्यो ठेचायलाच वापरला हुता.”

बोलायला लागला की त्याला माणूस पुरत नाही. चौफुल्याच्या जीपमध्ये बसला की पुढच्या सीटवरचा माणूस न्हावऱ्याला उतरायचा तो पारगावच्या पुलापर्यंत जातो, कारण हिमयुग मधेच सोडून उतरायची त्याला लाज वाटते. लग्नाच्या पंगतीत ह्याच्या शेजारचं पान शेवटपर्यंत मोकळं राहतं. वैशाखात, पाखरं झाडावरून खाली पडायची वेळ, तेव्हा हा खांद्यावर घोंगडी टाकून हिंडतो. का, तर म्हणे हिमयुग संपलेलं नाही. “पाव्हणं, आत्ता नुसती मधली सुट्टी चालू हाय. घंटा कवा हुईल त्याचा नेम न्हाई.” आणि ती घंटा व्हायला हजारो वर्षं लागणार, हेही तोच सांगतो. मग आत्ताच घोंगडी कशाला? तर म्हणतो, “सवय असावी.” गुऱ्हाळावर गेला की रसाला हात लावायच्या आधी काहिलीला हात लावतो आणि गुळव्याला सांगतो की नदीनं कापलेली दरी चिंचोळी असते, अशी काहिलीसारखी पसरट दरी दिसली की समजायचं, हिथनं बर्फ गेलंय. गुळव्या गूळ करपल्याबद्दल त्याच्या नावानं अजून बोटं मोडतो.

स्वतःच्या पोरीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. भर उन्हाळ्यातलं लग्न. मठ्ठ्यासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी दौंडहून बर्फाच्या लाद्या आणलेल्या, भुसा घालून, पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या. नवरदेवाच्या बापानं नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, “व्याही, तिकडं बर्फात नेमकं काय बघितलं तुम्ही?” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. साडू उठला. त्यानं एक अख्खी लादी सोडवली, खाली खडी पसरली, लादीला दोर बांधला आणि भावकीतले दोन जावई लावून ती शेणानं सारवलेल्या मांडवातनं ओढून नेली. सारवण फाडत दोन बोटं खोल ओरखडे उठले. “हे बघा. आता ही लादी मैल-दोन मैल जाडीची धरा.” मग ती लादी जिथं थांबली तिथं वितळेपर्यंत सगळ्यांना उभं केलं. बर्फ गेलं, खाली खडीचा ढीग राहिला. “बघा, बर्फ जिथवर येतं तिथं असा ढीग सोडून जातं. कितीतरी देशांत असल्या टेकड्या हायत.” तेवढ्यात नवरदेवाचा मामा त्या चिखलावरून घसरून वाजंत्र्यांच्या अंगावर गेला. मठ्ठा गरम, पाणी गरम, व्याही त्याहून गरम. मी साडूला कोपऱ्यात घेऊन म्हणालो, “पाव्हणं, पोरीचं लगीन हाय, शाळा न्हाई.” माझी बायको मात्र हातात अक्षतांचं ताट घेऊन त्या खडीच्या ढिगापाशी उभी, आणि विचारते काय, “दाजी, त्या टेकड्यांवर आता माणसं ऱ्हात असत्याल न्हवं?” साडूच्या तोंडावर असा काही उजेड पडला, की त्याच्या पोरीच्या अंगावर हळद चढली तेव्हाही तेवढा पडला नव्हता.

माझ्या रानातल्या धोंड्याची गोष्ट अशीच. बांधाला लागून एक काळा, गोल धोंडा आहे, नांगराच्या वाटेत. तो काढायला मी जेसीबी बोलावला, तर साडू नेमका त्या दिवशी आलेला. धोंड्यावर जाऊन आडवा झाला. म्हणे हा हिथला नाही, ह्याला बर्फानं उत्तरेकडून आणलाय, हजारो वर्षं चालून दमून बसलाय, त्याला उठवायचं नाही. जेसीबीवाला बिहारकडचा. तो म्हणाला, “चाचा, मीटर चालू है.” साडू म्हणाला, “ह्याचं तर लई आधीपास्नं चालू हाय.” शेवटी जेसीबी गेला, धोंडा राहिला. पुढं पुण्याच्या कुठल्या कॉलेजचे एक मास्तर पोरं घेऊन घोडनदीच्या दरडी बघायला आले, तर साडूनं त्यांना हाताला धरून माझ्या रानात आणलं. मास्तर भला माणूस. त्यांनी धोंड्याची खपली नखानं काढून दाखवली आणि हळू आवाजात सांगितलं, आजोबा, आपल्याकडं तसलं बर्फ कधी आलंच नाही. हा आपलाच काळा खडक, जागच्या जागी सालीसालीनं कुजून गोल झालाय. साडू चहा न घेता गेला. पंधरा दिवस त्याचा फोन नाही, आणि खरं सांगतो, ते पंधरा दिवस माझ्या कानांना सुख होतं. बायको मात्र रोज विचारायची, “दाजींचा फोन?” मग एक दिवस साडू उगवला, तेच तेज घेऊन. “पाव्हणं, बर्फ आलं न्हाई, पन त्याची झळ आली. तिकडं पाणी बर्फ हून बसलं, म्हणून समिंदर खाली गेला आन् हिकडचा पाऊस आटला. ही नदी तवा वाळू-गोट्यांनी भरून गेली. दुष्काळ हो, हजारो वर्षांचा.” दुष्काळ म्हटल्यावर मीसुद्धा जरा कान दिला. पण मी विचारलं, “मग धोंडा काढू का आता?” तर म्हणतो, “काढा, पन त्याच्याबद्दल चुकीचं मी बोललो हुतो, त्याचा काय गुन्हा?” धोंडा अजून तिथंच आहे आणि नांगर वळसा घालून जातो.

असल्या माणसाचं ऐकून कोण घेणार? अक्का त्यानं तोंड उघडलं की मिक्सर चालू करते. पोरं मोबाइलमध्ये. मी तर उठूनच जातो, गोठ्यात काही ना काही काम निघतंच. राहता राहिली माझी बायको. दुसरीपर्यंत शिकलेली. साडू आला की ती जात्यावरचं उरकून, चुलीवरचं उतरवून त्याच्यासमोर बसायची आणि हाताला काहीतरी काम घेऊन ऐकायची. मला वाटायचं, पाहुण्याचा मान राखतेय.

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून नदीवर नेली. मी गुडघाभर पाण्यात उभा. पोरानं गाडगं माझ्या हातात दिलं, मी ते पाण्याला टेकवलं आणि राख जाताना बघत होतो. साडू माझ्या बाजूला उभा होता. आणि हा माणूस, सोयरा म्हणवणारा, पाण्याकडं बघत स्वच्छ आवाजात म्हणाला, “ओझं उतरलं की जमीन वर येती. एकदम न्हाई येत. पन येती.”

माझ्या हातातलं गाडगं गेलं. मी तसाच ओल्या अंगानं त्याची गचांडी धरली. “माझी बायकू ओझं हुती काय रं? ती गेली म्हणून मी वर यीन व्हय?” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला रे म्हणालो, तेही चारचौघांत, नदीत उभा राहून. लोकांनी सोडवलं. साडू नुसता माझ्याकडं बघत राहिला, डोझर बंद पडल्यावर माणूस इंजिनाकडं बघतो तसा.

आमच्याकडं रीत अशी की दिवस-कार्य झालं तरी दुखवटा संपत नाही. सोयऱ्यांनी दुःखातल्या माणसाला आपल्या घरी न्यायचं, गोडाचं जेवू घालायचं, मग तो संपतो. माझा दुखवटा काढायचा मान अक्काचा, कारण बायकोच्या माहेरचं दुसरं कुणी उरलेलं नाही. तेराव्यानंतर अक्काचा फोन आला. मी म्हणालो, येत नाही. महिन्यानं पुन्हा आला, मी पुन्हा नाही म्हणालो. पोरानं गाडी आणली, मी गाडीत बसलो नाही. ज्या घरात माझ्या बायकोला ओझं म्हणणारा बसतो, त्या घरात मी पान मांडून घेणार नाही. पोरगा म्हणाला, “आप्पा, मावशीशी नातं तुटंल अशानं.” मी म्हणालो, तुटू दे. बायको गेली की साडू कोण कुणाचा? दिवाळीच्या आधी अक्कानं पुन्हा फोन केला, आवाज बसलेला. “पाव्हणं, तुम्ही जेवल्याबिगर मी घरात गूळ फोडायची न्हाई. सांगून ठिवते.” आणि खरंच तिनं दिवाळीला करंजी केली नाही, लाडू केला नाही. साडूच्या चहातली साखरही बंद केली. साडू म्हणजे चहात तीन चमचे घालून वर साखरेचा डबा शेजारी ठेवणारा माणूस. हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

दिवाळीनंतर एक दिवस दुपारच्या एसटीनं साडू आला. वाळला होता. घोंगडी खांद्यावर. ओट्यावर बसला. मी पाणी दिलं, कारण पाणी शत्रूलाही द्यावं लागतं.

“चला पाव्हणं,” तो म्हणाला. “तिनं चहा पार कडू करून टाकलाय.”

“मग पिऊ नका.”

“उद्याला या. जेवा आन् लगीच माघारी फिरा. मी बोलणार बी न्हाई.”

“मी का येत न्हाई ते तुम्हास्नी ठाव हाय.”

“न्हाई ठाव.” तो म्हणाला. “नदीवर तुम्ही माझी गचांडी धरली. का धरली ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई. तुमच्या अक्काला इचारलं तर ती म्हणती, तुमचं तुम्ही बघा.”

मला वाटलं, नाटक करतोय. पण त्याला नाटक येत नाही. एवढं आलं असतं तर माणसं त्याच्याजवळ बसली असती. मी दात आवळून सांगितलं, “माझ्या बायकूची राख सोडताना तुम्ही तिला ओझं म्हणाला. आन् मला म्हणाला, आता तुम्ही वर याल.”

साडूनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, “पन तुमच्याशी कोण बोलत व्हतं?”

“मग?”

“मी तिला सांगत व्हतो.”

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

“कांदं निवडताना तुम्ही मेंढरांकडं गेला,” साडू म्हणाला. “तवा तिनं इचारलं, दाजी, एवढ्या बर्फाच्या ओझ्याखाली जमीन दबत आसंल न्हवं? मग बर्फ गेल्यावर ती तशीच दबून ऱ्हाती का परत उठती? मला ठाव नव्हतं. एवढी वर्षं बर्फ सांगतोय, पन खालच्या जमिनीचं मला कुणी इचारलंच न्हवतं. म्हणलं, इचारून सांगतो. घरी जाऊन त्या इंजिनेरसायबाला फोन लावला. म्हातारा झालाय, पन खूश झाला. म्हणाला, दबती, आन् बर्फ गेल्यावर उठती. दर सालाला जराजरा. हजारो वर्षं झाली, तिकडची जमीन अजून उठतीच हाय. मी ठरवलं, सकाळी तिला फोन करून सांगायचं. तर सकाळी तुमच्या पोराचाच फोन आला.” त्यानं घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. “मग नदीवर सांगितलं. तिथनं पुढं कुठं सांगणार हुतो?”

इथं माझा राग उतरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. उतरला नाही. उलट जास्त भडकला. तिनं शेवटचं जे विचारलं ते ह्या माणसापाशी होतं आणि हा ते उराशी घेऊन दिवाळी होईस्तोवर केडगावला बिनसाखरेचा चहा पीत बसला होता. मी घरभर तिचं काही राहिलंय का ते धुंडाळत होतो. तिचा आवाज मोबाइलमध्ये कुठं आहे का, म्हणून पोराला त्रास देत होतो. आणि हिकडं हा.

“अजून काय काय इचारायची ती?” मी विचारलं.

“लई,” साडू म्हणाला. “दर खेपेला. माझं ऐकून घेऊन वर इचारणारी ती एकलीच तर हुती.”

“सांगा.”

त्यानं डोकं खाजवलं. “असं सुटं सुटं न्हाई आठवत, पाव्हणं. बर्फाचं सांगत गेलो की मधी मधी येतं. ह्या जागंला तिनं हे इचारलं हुतं, त्या जागंला ते. बर्फ काढलं तर कायबी ऱ्हात न्हाई बघा.”

म्हणजे मला तिचं बोलणं पाहिजे असेल, तर ह्या माणसाचं अख्खं हिमयुग ऐकावं लागणार. जे मी जन्मभर टाळलं. देवानं शिक्षा द्यायची ठरवली तरी त्याला एवढं सुचलं नसतं. मी म्हणालो, “तुमची गाडी जाईल.” तो उठला, चप्पल शोधली, आणि फाट्याकडं चालायला लागला. मी त्याला थांब म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरांना पाला टाकून, शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगून मी शिरूरच्या स्टँडवर गेलो आणि चौफुल्याची पहिली एसटी धरली. केडगावला पोचलो तेव्हा साडू अंगणात दात घासत होता. मला बघून त्यानं तोंडातला फेस थुंकला आणि आत जाऊन अक्काला सांगितलं. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं आतनं गूळ फोडल्याचा आवाज आला, मग रडण्याचा, मग पुन्हा गूळ फोडल्याचा. तिनं लापशी केली. माझ्यापुढं ताट ठेवलं, तूप वाढलं आणि दाराला टेकून उभी राहिली. मी ताटाला हात लावला नाही.

“आधी सांगा,” मी साडूला म्हणालो.

“पहिल्यापास्नं?”

“पहिल्यापास्नं.”

त्यानं अक्काकडं बघितलं. ती मिक्सरकडं गेली नाही. मग तो सुरू झाला. लई जुन्या काळी उत्तरेकडं हिवाळ्यात बर्फ पडायचं, ते एके साली उन्हाळ्यात वितळलंच नाही, पुढच्या साली त्याच्यावर आणखी पडलं, त्याच्यावर आणखी. खालचं दाबून काचेसारखं घट्ट झालं. गवत झाकलं, झाडं झाकली, मग डोंगरांची डोकी झाकली, आणि एक दिवस ते सगळं आपल्याच वजनानं दक्षिणेकडं सरकायला लागलं. मी मांडीवर मूठ दाबून ऐकत होतो. सांगता सांगता तो थांबला, बोट वर केलं.

“हितं,” तो म्हणाला. “हितं तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं हुतं. म्हणाली, दाजी, मग तिकडची मेंढरं कुठं गेली?”

“मग?”

“मी म्हणलं, खाली. जिकडं चारा तिकडं. तर ती म्हणाली, आन् त्यांच्या मागनं मेंढकं. पोरंबाळं, घोडी, कोंबड्या, समदं घिऊन. मग म्हणाली, बाया लई दमल्या असत्याल.”

मी ताट जवळ ओढलं. लापशी गार झाली होती. पहिला घास घेतला आणि साडूला म्हणालो, “थांबलात का?”